ढगात शिरण्याची अधिकृत पद्धत

मनुष्यप्राणी जे रोज करतो ते त्याला येतं, आणि जे कधीच करत नाही त्याचं त्याला प्रमाणपत्र मिळतं. या तत्त्वावर जगातल्या बहुतेक मोठ्या संस्था उभ्या आहेत. फुलंब्रीच्या रस्त्याला, शहरापासून अर्ध्या तासावर असलेली दुष्काळ निरीक्षण उड्डाण तुकडी ही त्यातलीच एक होती. (शहर म्हणजे तेव्हाचं औरंगाबाद आणि आताचं छत्रपती संभाजीनगर, आभाळ दोन्हींचं सारखंच कोरडं.) सलग दुष्काळ पडू लागले तेव्हा ते वरून कसे दिसतात हे पाहावं असं कुणाच्या तरी मनात आलं. सैन्याकडे विमानं होती आणि दुष्काळ काही कुठे जाणार नव्हता, म्हणून तुकडी स्थापन झाली.

तुकडीत दोन विमानं, पाच वैमानिक, एक टॉवर, एक रडार आणि त्रेचाळीस रजिस्टरं होती. रोज सकाळी उडायचं, पैठणच्या रस्त्यावरचे पाण्याचे टँकर मोजायचे, चारा छावण्यांचे फोटो काढायचे, जायकवाडीचा तळ कालपेक्षा किती उघडा पडला ते नोंदवायचं आणि जेवणाच्या वेळेला परत यायचं. कामाचा दर्जा उत्तम होता. तीन वर्षांत तुकडीनं एकदाही दुष्काळ चुकवला नाही.

स्क्वाड्रन लीडर अजिनाथ शिंगाडे हा तुकडीतला सगळ्यात जुना वैमानिक. फुलंब्रीच्या पलीकडच्या एका वाडीतला, मेंढपाळाच्या घरचा. त्याच्या वडिलांनी, बिरूनं, चाळीस वर्षं मेंढरं घेऊन गोदाकाठापर्यंत पायपीट केली. त्या घराण्यात न चालता कुठं तरी पोचलेला अजिनाथ पहिलाच. वैमानिक म्हणून तो फार चांगला होता, आणि हे वाक्य सरळच वाचावं. आडव्या वाऱ्यात तो विमान असं टेकवायचा की मागे बसलेल्या फोटोग्राफरची झोप मोडत नसे.

फक्त एक गोष्ट त्याला येत नव्हती. ती येत होती एकेकाळी, चांगली येत होती, पण आता येत नव्हती, आणि आता येत नाही हे त्याला माहीत नव्हतं. त्या गोष्टीला वैमानिकांच्या भाषेत काट्यांवर उडणं म्हणतात.

विमान ढगात शिरलं की बाहेर काही दिसत नाही. आभाळ कुठं, जमीन कुठं, काही कळत नाही. अशा वेळी माणसाचा कान त्याला फसवतो: विमान सरळ जात असतं आणि कान सांगतो की आपण उजवीकडे कललो आहोत. कानाचं ऐकून माणूस डावीकडे वळवतो आणि मग त्याची मोठी बातमी होते. म्हणून नियम असा, की कान सांगेल ते ऐकू नये आणि समोरच्या तबकड्यांवरचे काटे सांगतील तेवढंच ऐकावं. ऐकायला हे सोपं वाटतं. (सुनेनं सासूचं ऐकावं हेही ऐकायला सोपंच वाटतं.) त्यासाठी नित्य सराव लागतो, आणि सैन्यदलानं तो ठरवून दिलेला होता: दर सहा महिन्यांत ढगातली सहा उड्डाणं, आणि दर महिन्याला एक असं उतरणं, ज्यात रडारवरचा माणूस बोलत जाईल आणि वैमानिक नुसतं ऐकत खाली येईल.

आता अडचण अशी होती की ढग नव्हते. जे काही आले ते नगरकडून डोकावून परत गेले. पण सैन्यदल निसर्गावर अवलंबून राहत नाही. ढग नसतील तिथं वैमानिकानं हुड घालावा, असं कलम होतं. हुड म्हणजे काळ्या प्लास्टिकची झापड, घाण्याच्या बैलाला असते तशी. ती घातली की काचेबाहेरचं दिसत नाही, फक्त काटे दिसतात. शेजारी दुसरा वैमानिक बसतो, तो बाहेर लक्ष ठेवतो.

मराठवाड्यात मे महिन्यात चव्वेचाळीस अंशाला कॉकपिटमध्ये झापड घालून बसणं काय असतं, हे ते कलम लिहिणाऱ्यानं अनुभवलेलं नसावं. पहिल्याच उन्हाळ्यात एका वैमानिकानं ब्लेडनं हुडाला बोटभर फट पाडली. उद्देश हवा खेळती राहण्याचा होता. त्या फटीतून योगायोगानं पैठणचा रस्ता दिसायचा. त्यावरची टँकरची रांग पहाटे पाचपासून रात्री अकरापर्यंत न तुटता शहराकडे चाललेली असायची, आणि तिच्या डाव्या अंगानं राहिलं की बजाजनगरची निळी पत्र्याची छपरं यायची. तिथून वळलं की वीस मिनिटांत धावपट्टी. या पद्धतीनं हुड घातलेल्या वैमानिकांची अचूकता शंभर टक्के झाली. पुढं नवे हुड आले तेव्हा स्टोअरवाल्यानं ते फट पाडूनच वाटले.

रडारवरून उतरण्याचं वेगळं होतं. रडार चालवायला जनरेटर लागायचा आणि जनरेटरला डिझेल. म्हणून ते काम कागदावर व्हायचं. रडारची जबाबदारी फ्लाइट लेफ्टनंट सुकेशनी गायकवाड हिच्याकडे होती, पैठणची, सत्तावीस वर्षांची, कामाला वाघ. दर महिन्याच्या तीस तारखेला ती सही करायची की मी बोलले आणि यांनी ऐकलं. त्याखाली अजिनाथ सही करायचा की मी ऐकलं आणि या बोलल्या. दोघांचा एकमेकांवर इतका विश्वास होता, की प्रत्यक्ष बोलायची वेळच आली नाही. रुजू झाल्यावर पहिल्या महिन्यात तिनं विचारलं होतं, की सर, एकदा खरंच करून बघू या का. अजिनाथनं मोठ्या मनानं सांगितलं की पुढच्या महिन्यात करू. तो पुढचा महिना सव्वीस महिने चालू होता.

शिवाय वार्षिक परीक्षा होती. दहा प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, आणि मुख्यालयाकडून गेली अकरा वर्षं तेच दहा. उत्तरं सगळ्यांना पाठ होती: ब, क, ब, ब, अ, ड, क, अ, ब, क. अजिनाथच्या दुसरीतल्या मुलीलाही पाठ होती, कारण तो दाढी करताना म्हणायचा. एका वर्षी छापखान्याच्या चुकीनं प्रश्नांचा क्रम बदलला आणि पाचही वैमानिकांना दहापैकी दोन गुण मिळाले. मुख्यालयानं तातडीनं चौकशी केली आणि छापखाना बदलला.

राहता राहिलं पुस्तक. ढगात शिरल्यावर काय करायचं, रडारवाल्यानं कोणत्या शब्दांत बोलायचं, वैमानिकानं काय करायचं, हे सगळं एका हिरव्या पुस्तकात लिहिलेलं होतं. ते कपाटात असायचं आणि कपाटाची किल्ली हेडक्लार्क कडुबा दाभाडे यांच्याकडे. कडुबा हा भाविक माणूस. खंडेनवमीला तो पुस्तक बाहेर काढायचा, पाटावर मांडायचा, उघडून मधल्या पानांवर हळद-कुंकू वाहायचा, झेंडूचं फूल ठेवायचा, मिटवायचा आणि पुन्हा कपाटात. तुकडीतली सगळी हत्यारं, अवजारं आणि यंत्रं यांच्यात नेमानं वर्षातून एकदा उघडलं जाणारं असं हे एकच होतं.

त्या सप्टेंबरात अजिनाथ दोन दिवस वाडीवर गेला होता. म्हाळसाबाईनं, म्हणजे त्याच्या आईनं, भाकरी वाढता वाढता विषय काढला.

“अजिनाथा, तू रोज आभाळात जातूस. तिकडं नगरच्या अंगाला ढग हैत म्हंत्यात. मेंढरावानी जरा इकडं हाकून आनता येत नाय व्हय तुला?”

अजिनाथ हसला आणि म्हणाला की आई, आम्ही ढगाच्या वाटेला जात नाही. बिरू खाटेवरून म्हणाला, “मंग ढगात गावलास तर?” अजिनाथनं सांगितलं की त्याची पद्धत ठरलेली आहे, दर सहा महिन्याला आमचा सराव होतो. हे सांगताना तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या सहीचे तीन वर्षांचे कागद होते, आणि माणूस स्वतःच्या सहीवर अविश्वास तरी कसा दाखवणार?

तो परतला आणि तपासणीचा दिवस उजाडला. ग्रुप कॅप्टन नानासाहेब काकडे मुख्यालयातून आले. ढगातल्या उड्डाणात तीन वर्षं सलग शंभर टक्के अशी ही एकमेव तुकडी होती (ज्या तुकड्यांच्या भागात ढग होते त्यांची आकडेवारी साठ-पासष्टच्या पुढं जात नव्हती), आणि तिला ढाल द्यायची होती. नानासाहेब दिलदार गृहस्थ. हिरवं पुस्तक ज्या समितीनं तयार केलं तिचे ते अध्यक्ष होते आणि प्रस्तावनेखाली त्यांची सही होती. गेली नऊ वर्षं ते फक्त टेबलाचं काम करत होते, विमान उडवत नव्हते.

तपासणीसाठी तुकडी सजली. हिरवं पुस्तक कपाटातून काढून रडारच्या खोलीत स्टँडवर ठेवलं होतं, शेजारी गुलाबाचा गुच्छ. साहेबांच्या कूलरसाठी जनरेटर लावला होता, आणि जनरेटर चालूच आहे तर दिसायला बरं म्हणून सुकेशनीनं रडारही चालू केलं. त्या दिवशी तुकडीत जे जे चालू होतं ते असं पाहुण्यांमुळे चालू होतं. हे पुढं उपयोगी पडलं.

नानासाहेबांनी फर्मावलं की मी स्वतः शेजारी बसतो, शिंगाड्यांनी हुड घालून उडून दाखवावं. उड्डाणाचा फॉर्म भरला गेला. त्यावर ‘हवामान : स्वच्छ’ हे छापलेलंच होतं, कारण रोज तेच लिहून कारकुनाचा हात दुखायचा. हवामान स्वच्छ असल्यामुळे दुसऱ्या विमानतळापर्यंत जाण्याइतकं जादा इंधन घ्यायची गरज नव्हती. इंधन गेल्या तीन वर्षांप्रमाणेच मोजकं घेतलं.

विमान उडालं. अजिनाथनं हुड घातला, फटीतून रांग धरली आणि पैठणच्या दिशेनं झकास निघाला. नानासाहेबांनी दोनदा वाहवा केली आणि मग त्यांना उन्हाची डुलकी लागली. परत फिरताना फटीतून टँकर दिसेनासे झाले. अजिनाथनं मान थोडी वाकडी केली. काही नाही. थोडी उजवीकडे केली. सगळं पांढरं. त्याला पहिली शंका आली की साहेबांनी गुपचूप फटीला कागद लावला. पकडले गेलो, या विचारानं त्यानं हुड काढला. समोरच्या काचेतूनही काही दिसत नव्हतं. डावीकडच्या काचेतून नाही, उजवीकडच्या नाही.

तीन वर्षं जो आला नव्हता तो आला होता, आणि अजिनाथ त्याच्या पोटात होता.

त्यानं साहेबांना हलवलं. नानासाहेबांनी डोळे उघडले, बाहेर पाहिलं, आणि काच पुसली. मग दुसऱ्या बाजूनं पुसली. मग ते म्हणाले की आपण उजवीकडे कलतो आहोत. अजिनाथलाही अगदी तसंच वाटत होतं. काटा मात्र सांगत होता की विमान सरळ आहे. दोन अनुभवी अधिकारी एका बाजूला आणि एक काटा दुसऱ्या बाजूला. अजिनाथचा हात डावीकडे वळायला लागला, आणि काटा झपकन कलला. तेव्हा त्याला कुठून तरी आठवलं, की कानाचं ऐकू नये. त्यानं हात सरळ केला. पुढचं त्याला काही आठवेना. ब, क, ब, ब, अ, ड एवढंच आठवत होतं.

टॉवरकडून कळलं की ढग पैठणपासून फुलंब्रीपर्यंत सगळीकडे उतरला आहे, धावपट्टीवर जेमतेम दोनशे फुटांवर टेकला आहे. इंधन पस्तीस मिनिटांचं होतं. ढगाखाली जाऊन रस्ता शोधायचा तर एका अंगाला डोंगर आणि दुसऱ्या अंगाला शहर. शहर गेल्या तीन वर्षांत धावपट्टीच्या दिशेनं साडेचार किलोमीटर पुढं सरकलं होतं. तुकडीच्या नकाशावर जिथं ‘पडीक’ लिहिलं होतं तिथं आता नऊ मंगल कार्यालयं, दोन इंग्रजी शाळा आणि अकरा मजल्यांच्या चार इमारती होत्या. (पाणी नसलेल्या गावात इतके लोक राहायला का येतात, हा प्रश्न तुकडीच्या कार्यकक्षेत नव्हता.)

अजिनाथ घाबरला. मुलगी आठवली, आईच्या हातची भाकरी आठवली. शेजारी तपासणी अधिकारी, रेडिओवरचा शब्द न् शब्द टेपवर जाणारा, आणि जे बोलायचं होतं ते सैन्यात कुणी बोलत नाही. तरी त्यानं बटण दाबलं.

“मॅडम, मला यातलं काही आठवत नाय. तीन वर्षं मी नुसत्या सह्या केल्यात.”

खाली सुकेशनीनं पुस्तकाचा स्टँड आपल्यापुढं ओढला.

“मी पण, सर,” सुकेशनी म्हणाली. “पण पुस्तक समोर आहे. मी वाचते, तुम्ही करा.”

नानासाहेबांनी घसा साफ केला. ते आता रागावणार, असं अजिनाथला वाटलं. ते म्हणाले, “शिंगाडे, मलाही येत नाही. पुस्तकाची फक्त प्रस्तावना माझी आहे.” त्यांनी उंचीचा आणि दिशेचा काटा मोठ्यानं वाचून दाखवायचं काम अंगावर घेतलं, आणि ते त्यांनी चोख केलं.

सुकेशनीनं वाचायला सुरुवात केली. रडारच्या पडद्यावर एक ठिपका सरकत होता आणि तो ठिपका म्हणजे शिंगाडे सर आहेत, हे तिला पहिल्यांदाच दिसत होतं. एकोणचाळिसाव्या पानापर्यंत सगळं सुरळीत होतं. पान उलटलं तर पुढं बेचाळिसावं. तिला वाटलं छापखान्याची चूक असेल, म्हणून ती तसंच पुढं वाचत गेली: डावीकडे तीन अंश, उतार सुरू, उताराच्या थोडं वर आहात.

अजिनाथ आज्ञाधारक माणूस. मराठवाड्यातल्या माणसाशी कुणी बोललं आणि त्यानं उत्तर दिलं नाही, असं होत नाही. मोठ्या माणसानं सांगितलेल्याला ‘व्हय’ म्हटलं नाही तर ते उर्मटपणाचं असतं. ती डावीकडे तीन अंश म्हणाली की तो बटण दाबून म्हणायचा, व्हय मॅडम, डावीकडं तीन अंश, वळतोय, वळलो. आता रेडिओचं असं असतं, की बोलायचं बटण दाबलेलं असलं की ऐकू येत नाही. तो व्हय म्हणत होता तेवढ्यात तिचं पुढचं वाक्य होऊन जायचं. त्याला तिसरं वाक्य ऐकू यायचं, पाचवं यायचं, सातवं यायचं. दुसरं, चौथं आणि सहावं त्याच्या सभ्यतेत बुडत होतं. सहावं वाक्य असं होतं: फार डावीकडे आलात, ताबडतोब उजवीकडे.

ढगात डाव्या अंगाला काहीतरी पिवळं दिसलं. अजिनाथला क्षणभर टँकर वाटला. तो फ्लेक्स होता, टेकाडावरच्या इमारतीच्या अकराव्या मजल्यावर लावलेला, आणि विमान त्याच्याच उंचीवर होतं. ‘मोकळ्या आभाळाखाली तुमचं हक्काचं घर. फक्त सहा फ्लॅट शिल्लक.’ अजिनाथनं विमान वर ओढलं. नानासाहेबांनी पुढं अनेकदा सांगितलं की त्यातला फोन नंबरही त्यांना वाचता आला.

इंधन सतरा मिनिटांचं उरलं. सुकेशनीनं पुस्तक हातात घेतलं आणि पानं मोजली. चाळीस आणि एक्केचाळीस ही समोरासमोरची पानं एकमेकांना चिकटलेली होती. तीन खंडेनवम्यांचं हळद-कुंकू आणि तीन झेंडू त्यांच्यात दबून वाळले होते. साहेबांच्या चहाच्या तयारीत तिथंच उभ्या असलेल्या कडुबाकडे तिनं पाहिलं. कडुबाचा चेहरा पडला.

“ताई, मधलंच पान म्हून तिथं वाहत होतो. मधल्या पानावर देव असतो म्हंत्यात.”

ओढलं तर कागद फाटणार होता. पण कडुबाला वाफेनं चिकटलेलं पाकीट न फाडता उघडण्याची विद्या येत होती. (ती तो कुठं शिकला, हे विचारायची ती वेळ नव्हती आणि नंतर कुणी विचारलं नाही.) साहेबांच्या चहासाठी किटली गॅसवर होतीच. त्यानं पुस्तक वाफेवर धरलं, ओठ हलवत राहिला, आणि चार मिनिटांत पानं सुटली. लालपिवळ्या डागांतून चौकटीत, ठळक अक्षरांत दोन ओळी वाचता आल्या. पहिली अशी, की उतरण सुरू झाल्यावर वैमानिकानं कोणत्याही सूचनेला उत्तर देऊ नये. दुसरी अशी, की पाच सेकंद काही ऐकू आलं नाही तर वर निघून जावं.

“सर, आता अजिबात बोलायचं नाही,” सुकेशनीनं सांगितलं. “काहीही झालं तरी. व्हय पण म्हणायचं नाही.”

अजिनाथ म्हणाला, “व्हय मॅडम.”

मग नानासाहेब पुढं झाले आणि त्यांनी आपला पंजा त्या बटणावर झाकण ठेवावं तसा ठेवला. ग्रुप कॅप्टन दर्जाच्या अधिकाऱ्याचा तो त्या वर्षातला सगळ्यात प्रत्यक्ष उपयोग होता. सुकेशनी बोलायला लागली. उजवीकडे दोन अंश. बरोबर. उतारावर आहात. बरोबर. तीन मैल. डावीकडे एक. अजिनाथचा अंगठा प्रत्येक वाक्यागणिक साहेबांच्या पंजाखाली वळवळत होता. त्याला आयुष्यात इतकं गप्प बसावं लागलं नव्हतं, लग्नातसुद्धा नाही. कान सांगत होता की आपण उजवीकडे पडतो आहोत. काटा सांगत होता सरळ. ती सांगत होती बरोबर. अजिनाथनं काट्याचं आणि तिचं ऐकलं. दोनशे फुटांवर ढग फाटला आणि समोर धावपट्टी होती, अगदी नाकासमोर, कधी नव्हे इतकी सुंदर.

विमान थांबल्यावर अजिनाथला रडू आलं. नानासाहेबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तेही थोडं रडले. रडारच्या खोलीत सुकेशनी फरशीवर बसली होती आणि हसत होती, आणि कडुबा तिला साहेबांचा चहा पाजत होता.

संध्याकाळी अजिनाथ रजिस्टर घेऊन बसला. आजचं उड्डाण त्याला लिहायचं होतं, जसं झालं तसं. आम्हाला येत नव्हतं, म्हणून दर आठवड्याला खरा सराव ठेवावा, असं त्याला लिहायचं होतं, कारण पुढच्या वेळी वर त्याच्या जागी दुसरं कुणी असेल, आणि खाली पुस्तक आणि जनरेटर दोन्ही बंद असतील. कडुबानं पान उघडलं. ‘चालू सहामाहीतली ढगातली प्रत्यक्ष उड्डाणं’ या शीर्षकाखाली सहा रकाने होते आणि सहाही जुलैतच भरलेले होते.

“सातवा रकाना नाय, साहेब,” कडुबा म्हणाला. त्यालाही वाईट वाटत होतं.

अजिनाथनं समासात लिहिलं. मुख्यालयातून ते पान ‘समासात मजकूर आढळला’ असा शेरा मारून परत आलं. नानासाहेबांनी मनापासून प्रयत्न केला. त्यांनी अहवालात लिहिलं की वैमानिकाला पद्धत आठवत नव्हती. मुख्यालयानं कळवलं की तपासणीच्या दिवशीचं हवामान फॉर्मनुसार स्वच्छ असल्यानं ती आठवण्याचा प्रश्न उद्भवत नाही. तुकडीला ढाल मिळाली. सरावासाठी जादा इंधन मागितलं तेव्हा उत्तर आलं की आपला सराव शंभर टक्के पूर्ण आहे, त्याहून अधिक सराव नियमात बसत नाही.

तेव्हापासून ती तुकडी दर मंगळवारी खरा सराव चोरून करते. फट नसलेला हुड सुकेशनीनं स्वतः शिवून आणला. तिच्या खोलीतून ती बोलते आणि वर अजिनाथ किंवा दुसरं कुणी गप्प राहून ऐकतं. इंधन टँकर मोजणीच्या खात्यात दाखवतात आणि मंगळवारचे टँकर अंदाजानं लिहितात. आतापर्यंत पाचही वैमानिक दोनशे फुटांपर्यंत डोळे झाकून खाली येऊ लागले आहेत. ही गंभीर अनियमितता आहे आणि उघडकीला आली तर पाचही जणांवर कारवाई होईल.

वाचकांना हे सगळं मजेशीर वाटलं असेल आणि ते योग्यच आहे. माणसं काय काय विसरतात आणि वर सह्या करतात, हे वाचून करमणूक होतेच. आता एक साधा प्रश्न. तुमच्या इमारतीच्या जिन्यात आगीसाठी एक लाल सिलिंडर टांगलेला आहे. त्याचा दांडा आधी दाबायचा की पिन आधी ओढायची, आणि धार आगीच्या शेंड्यावर धरायची की बुडाशी? जागेवरून उठू नका. सिलिंडरला दोऱ्यानं एक पुठ्ठ्याचं कार्ड बांधलेलं आहे, त्यावर ‘वापर समजला, तपासणी केली’ असं लिहून खाली सही आहे. सही कुणाची ते बघायलाही उठायला नको. गेल्या वर्षी सोसायटीचे सेक्रेटरी तुम्हीच होतात.